मदत हवी आहे : मसाई पठारावरची भोवत्या मादी, माँटेग्यू की पॅलिड?

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सलग दोन संध्याकाळी एक भोवत्या (हॅरियर हा शिकारी पक्षी; माँटेग्यू, पॅलिड, दलदली या त्याच्या जाती) गवताला जवळजवळ घासत फिरताना दिसला. कमरेवर पांढरा पट्टा, म्हणजे दलदली भोवत्या नाही. छातीवर तपकिरी रेघोट्या, म्हणजे प्रौढ मादी. पिल्लू असतं तर पोट सलग तांबूस दिसलं असतं. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपने तिच्याच दोन फोटोंना दोन नावं दिली, त्यामुळे तो नाद सोडला. मानेवरची फिकट कॉलर ही पॅलिडची खूण, पण ती मावळतीच्या उन्हात फसवते. ४०० एमएम लेन्सने काढलेल्या फोटोत बगलेत जाड तांबूस पट्टे स्वच्छ आहेत, म्हणजे माँटेग्यू, पण पंखाच्या आतल्या अर्ध्या भागातली उड्डाणपिसं सावलीत काळपट आलीत, आणि ती खरंच काळपट असतील तर पॅलिड. भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेजवळ जाऊन फोटो काढणार नाही. नुसत्या बगलेवरून माँटेग्यू म्हणून नोंदवू, की ती पिसं उजेडात दिसेपर्यंत थांबू?