थंड हवा गरम जमिनीला कशी तापवेल? दुसऱ्या नियमाचा आक्षेप

ध्रुवतारा:
हवामानबदलावर वाद सुरू झाला की हा आक्षेप येतोच. वरची हवा जमिनीपेक्षा थंड. थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे उष्णता आपोआप जात नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसियसने १८५० मध्येच मांडलं. मग हरितगृह परिणाम ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात बसतो कसा? समोरच्याला कागदावर पडताळता येईल असं उत्तर हवं आहे.

तरंगलांबी:
घोळ 'उष्णता' या शब्दात आहे. नियम निव्वळ उष्णतेबद्दल बोलतो. प्रारण (किरणांच्या रूपात ऊर्जा बाहेर टाकणं) मात्र दोन्ही बाजूंनी चालू असतं. थंड वस्तूतून निघालेला फोटॉन (प्रकाशकण) समोर काय आहे ते बघून थांबत नाही.

गणित असं मांडा. पृथ्वीला उन्हातून सरासरी २४० वॅट प्रति चौरस मीटर मिळतात, ते सगळे जमिनीला मिळतात असं धरा. वातावरण नसेल तर तेवढेच बाहेर जायला हवेत. स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमाने (प्रारण = स्थिरांक × तापमानाचा चौथा घात, स्थिरांक ५.६७ × १०⁻⁸) तापमान येतं २५५ केल्विन. आता वर एक पातळ थर कल्पा: ऊन आरपार जाऊ देणारा, अवरक्त किरण पूर्ण शोषणारा. समतोलासाठी त्याने अवकाशात २४० सोडले पाहिजेत, म्हणजे खालीही २४० येणार. जमिनीला एकूण ४८०, तापमान ३०३ केल्विन. थर २५५ वरच.

आता निव्वळ हिशेब करा: वर ४८०, खाली २४०, फरक २४०, आणि तो गरम जमिनीकडून थंड थराकडे. नियम कुठे मोडला?

(प्रत्यक्षात सरासरी सुमारे २८८ केल्विन आहे. खरं वातावरण एका थरासारखं नाही. बाष्पीभवन आणि अभिसरणही उष्णता वर नेतात.)

पायरजिओमीटर:
गणित बरोबर आहे. फक्त वादात 'हवा जमीन तापवते' असं लिहू नका, तिथेच पकडतात. तापवतो सूर्य, हवेमुळे जमिनीची उष्णता बाहेर पडणं अवघड होतं.

आणखी एक सापळा: अवरक्त थर्मामीटर आकाशाकडे धरून 'बघा, किती थंड!' असं दाखवणारे भेटतील. ही उपकरणं सहसा ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे हवा सर्वांत पारदर्शक असते नेमक्या त्याच पट्ट्यात. कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा १५ च्या आसपास, तो बहुतांशी सुटतो. खालच्या दिशेचं पूर्ण प्रारण मोजायला पायरजिओमीटरच लागतो. या प्रारणाची जागतिक सरासरी साधारण ३४० वॅट प्रति चौरस मीटर धरतात.

ध्रुवतारा:
हे पटलं. पण पुढचा प्रश्न ठरलेला: १५ मायक्रोमीटरचा पट्टा आधीच भरलेला आहे, म्हणजे त्यातलं प्रारण सगळं शोषलं जातंच, मग आणखी वायूने काय फरक पडणार?

तरंगलांबी:
जमिनीजवळ भरलेला आहे, हे मान्यच करा. पण अवकाशात प्रारण सुटतं ते वरच्या विरळ हवेतून. वायू वाढला की ही सुटकेची पातळी वर सरकते. तपांबरात (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात) वर जाताना दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश घट होते, म्हणजे नवी पातळी जास्त थंड, म्हणून कमी प्रारण सोडणारी. तूट भरून निघेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. शिवाय पट्ट्याच्या कडा भरलेल्या नाहीत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ही तूट सुमारे ३.७ वॅट प्रति चौरस मीटर.

पायरजिओमीटर:
याला स्थितांबराची (तपांबराच्या वरच्या थराची) जोड द्या. ऊन वाढल्याने तापत असतं तर स्थितांबरही तापलं असतं. उपग्रहांना ते थंड होताना दिसतं. मात्र खालच्या स्थितांबरात ओझोन घटल्याचाही हात आहे, म्हणून पुरावा देताना वरच्या स्थितांबराचे आकडे घ्या.