इंग्लंडमध्ये टीचिंग असिस्टंट: आधी कोर्स की आधी शाळा?

टीचिंग असिस्टंट म्हणजे वर्गात शिक्षकांच्या हाताखाली मदत करणारी व्यक्ती. त्या कामाचा लेव्हल ३ कोर्स केल्याशिवाय इथे शाळेत कुणी उभं करत नाही, असं काही जण सांगतात. तसं नाहीये. कायद्यानं ठरावीक पात्रता लागत नाही, कुणाला घ्यायचं ते शाळा ठरवते. जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी परीक्षा) तोडीचं इंग्रजी आणि गणित बरेच ठिकाणी मागतात. एन्हान्स्ड डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सखोल तपासणी, मात्र चुकत नाही.

मी आधी मुलाच्याच शाळेत आठवड्यातून एक सकाळ पोरांचं वाचन ऐकायला जायचे, फुकट. तिथे कळलं की इंग्रजी ठीक आहे, पण फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचा, गंध नाही. आपण एबीसीडी घोकलेली माणसं. इथे 'एस' म्हणजे नुसता 'स्स्', मागे 'अ' लावायचा नाही. बाराखडीवर वाढलेल्या जिभेला तो 'अ' गिळायला महिना लागला! इयर वनच्या (पाच-सहा वर्षांच्या) मुलांची जूनमध्ये ४० शब्दांची फोनिक्स चाचणी असते. त्यातले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर कामाचं नाही.

लेव्हल २, म्हणजे लेव्हल ३ च्या खालच्या पायरीचा कोर्स, मी नोकरी लागल्यावर केला. त्यात वर्गात काम करताना निरीक्षण होतं, त्यामुळे शाळा हाताशी नसताना ऑनलाइन कोर्सला पैसे भरण्याआधी दहादा विचारा.

आणि हो, जाहिरातीतला पगार बहुतेकदा पूर्ण वर्षाचा असतो. 'टर्म टाइम ओन्ली' (फक्त शाळा चालू असतानाचं काम) लिहिलं असेल तर हातात बराच कमी येतो. मुलाखतीतच विचारा, लाजू नका.