मदत हवी आहे: एमएमएलच्या 180 मिली पेटीचा ठोक दर जमेना

हिशोबवही:
मक्याच्या ईएनएपासून (मद्यासाठीचं अतिशुद्ध अल्कोहोल) महाराष्ट्र मेड लिकर (एमएमएल, राज्याचा धान्यापासूनच्या मद्याचा वर्ग), अल्कोहोल 42.8 टक्के, 180 मिलीच्या 48 बाटल्यांची पेटी. राज्य सरकारच्या जून 2025च्या निर्णयानंतरचा उत्पादन शुल्काचा दर प्रूफ लिटरला 270 रुपये. पेटीत 8.64 लिटर, म्हणून शुल्क 2,332.80 धरलं. बाटलीच्या 148 रुपये किमान किमतीवरून मागे आलं की ठोकवाल्याचं आणि दुकानदाराचं मार्जिन फारच तोकडं निघतं. चुकतंय कुठे? आणि मक्याला क्विंटलमागे 100 रुपये जास्त दिले तर बोजा किती?

पंचवीसयूपी:
8.64 हे बल्क लिटर झाले, म्हणजे नुसतं द्रवाचं माप; प्रूफ लिटर ठरीव तीव्रतेवर मोजतात. 42.8 टक्के म्हणजे 25 यूपी (अंडर प्रूफ, त्या तीव्रतेहून 25 टक्के कमी). तिथे एका बल्क लिटरचे 0.75 प्रूफ लिटर होतात. 8.64 × 0.75 = 6.48, गुणिले 270 = 1,749.60. पेटीमागे 583.20 रुपये जास्तीचे धरलेत, बाटलीला 12.15.

दुसरं, 148 वरून उलटं येऊ नका. ती किरकोळ विक्रीची खालची मर्यादा आहे, दर नव्हे. खालून वर चढा: उत्पादन खर्च, शुल्क, व्हॅट, एफएल-1 (ठोक परवाना) आणि एफएल-2चं (दुकानाचा परवाना) मार्जिन. शेवटचा आकडा 148च्या खाली जात नाही ना, एवढंच बघा. बाटली, बूच, लेबल, खोकं जीएसटीसकट खर्चात घ्या. मद्य जीएसटीबाहेर असल्याने तो कर वळता होत नाही (परत मिळत नाही). बहुतेक तक्ते इथेच फसतात.

दाणागोटा:
मक्याचा उतारा टनाला 380 लिटर अल्कोहोल धरतात. पेटीत शुद्ध अल्कोहोल 3.7 लिटर, म्हणजे घट धरून साधारण 10 किलो मका. क्विंटलला 100 वाढले तर पेटीला 10 रुपये, बाटलीला 21 पैसे. बस्स. आयएमएफएलमध्ये (भारतात बनणारं विदेशी मद्य) हाच रुपया जाहीर उत्पादन खर्चात शिरला की त्यावर साडेचारपट शुल्क चढतं (बल्क लिटरला 260 रुपयांपर्यंतच्या खर्चाला). एमएमएलचं शुल्क मापावर आहे, खर्चावर नाही. म्हणून शेतकऱ्याला बरा भाव देणं इथे परवडतं, आणि तो द्यायलाच हवा. शुल्कातली सवलत आपोआप बांधावर पोचत नाही. खरेदी करारात दर हमीभावाशी बांधा (2025-26चा 2,400 रुपये क्विंटल).

ओलावा 14 टक्क्यांच्या वर असलेला माल घेऊ नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन स्पिरिटमध्ये उतरत नाही, पण चोथ्यात जवळपास तिप्पट साठतं आणि मग तो डीडीजीएस (वाळवलेला चोथा) पशुखाद्याला चालत नाही.

हिशोबवही:
0.75 घातल्यावर बसलं, दोघांचेही आभार. बाजारात असलेला व्हिस्कीचा ब्रँड याच वर्गात उतरवता येईल का?

पंचवीसयूपी:
नाही, एमएमएलसाठी नव्या ब्रँडची नोंदणी लागते. ती हातात येईपर्यंत लेबलं छापायला टाकू नका.