प्रोबायोटिक कॅप्सूल निरोगी माणसाने घ्याव्यात का?

ताकपीत:
अँटिबायोटिक संपलं की प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी म्हणून घेतले जाणारे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट), पोट साफ नाही म्हणून प्रोबायोटिक, आता तर 'इम्युनिटी'साठीही तेच. निरोगी माणसाने हे पैसे ज्वारी-बाजरी आणि कडधान्यांवर घालावेत. कॅप्सूलमधले जिवाणू बहुतेकांच्या आतड्यात मुक्काम करत नाहीत. घेणं थांबवलं की काही आठवड्यांत दिसेनासे होतात. आत असलेले जिवाणू जगतात ते तंतूंवर, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या फायबरवर. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०२० मध्ये २००० कॅलरींमागे ३० ग्रॅम तंतू सांगितले. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम ३, ज्वारीत १०, चणाडाळीत १५ ग्रॅम. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ५ ग्रॅम झाले.

स्ट्रेनवाचक:
तंतूंबद्दल वाद नाही, पण सगळ्या कॅप्सूल एका मापाने मोजू नका. कोणता स्ट्रेन (जिवाणूचा नेमका उपप्रकार), किती मात्रा, कशासाठी, हे तिन्ही जुळायला हवं. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिक तिला मारत नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला ती उपयोगी पडते: साधारण २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, कोर्स सुरू होताच. कोर्स संपल्यावर सुरू केली तर निम्मा हेतू गेला. फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असेल तर मात्र तीच मरते. आणि दही याला पर्याय नाही. घरच्या विरजणात कोणते जिवाणू, किती, हे कोणी मोजलेलं नसतं.

ताकपीत:
इस्रायलच्या वाइझमान संस्थेचा २०१८ चा अभ्यास घ्या. अँटिबायोटिकनंतर ११ स्ट्रेनचं मिश्रण घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेनेही २०२० मध्ये आयबीएससाठी (वारंवार पोटदुखी आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणारा आतड्याचा विकार) प्रोबायोटिक फक्त संशोधनापुरतेच वापरा असं सांगितलं.

स्ट्रेनवाचक:
त्या अभ्यासात निरोगी लोक होते, गट अगदी लहान, आणि मोजले गेले जिवाणू, जुलाब नव्हे. शिवाय त्याच २०२० च्या मार्गदर्शनात अँटिबायोटिक घेणाऱ्यांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचा संसर्ग टाळण्यासाठी काही ठरावीक स्ट्रेनची सशर्त शिफारस आहे, बुलार्डीसह. अर्धंच का सांगता?

मोडाचीमटकी:
दोघंही खाणाऱ्याच्या पोटाचा विचार करा की! ३० ग्रॅम वाचून कोणी उद्यापासून दोन वेळा उसळ-भाकरी सुरू केली तर पोट ढोल होणार आणि परवा तो कॅप्सूलच विकत घेणार. आठवड्याला ५ ग्रॅमनेच वाढवा, पाणीही वाढवा. मटकी, चवळी ८-१० तास भिजवून पाणी फेकायचं, मोड आणायचे, नीट शिजवायचं. गॅस करणारी रॅफिनोज गटातली साखर त्याने बरीच कमी होते. कच्चे मोड हलक्या पोटाच्या माणसाने टाळावेत.

इनुलिन या तंतूची 'प्रीबायोटिक' (आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य) पावडर आतड्यात झपाट्याने आंबते, म्हणून गॅस जास्त. इसबगोल फार कमी आंबतं, मल मऊ करतं. मोठा चमचाभर भुसा (सुमारे ५ ग्रॅम) २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी. कोरडा तोंडात टाकला तर घशात फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी घेऊच नये. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

आयबीएसवाल्यांना कांदा-लसणातले फ्रुक्टन (न पचणारी, गॅस करणारी कर्बोदकं) त्रास देतात. ते तेलात विरघळत नाहीत, म्हणून लसूण अख्खी तेलात परतून काढून टाकली तर स्वाद येतो, त्रास टळतो. हिंगाच्या पुडीतल्या गव्हाच्या पिठाकडेही लक्ष असू द्या.

ताकपीत:
पटलं. फक्त दह्याला इतकं कमी लेखू नका. दूध उकळून ४०-४५ अंशांवर आणायचं, अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण. ५० च्या वर टाकलं तर विरजण मरू शकतं. दुधातली साखर न पचणाऱ्यांनाही दही बहुधा सोसतं, कारण त्यातले जिवाणूच ती पचवायला मदत करतात. उकळलेल्या कढीकडून ही अपेक्षा ठेवू नये.

स्ट्रेनवाचक:
ते मान्य. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर पाकिटावर स्ट्रेनचा क्रमांक बघा, आणि सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा उत्पादनाच्या वेळचा की मुदत संपेपर्यंतचा, तेही. चार आठवड्यांत फरक नसेल तर बंद करा. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यीस्ट रक्तात गेल्याची उदाहरणं आहेत.

मोडाचीमटकी:
आणि शौचातून रक्त, नकळत घटणारं वजन, रक्तक्षय किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर भाकरीही नको नि कॅप्सूलही नको, आधी तपासणी.