'वारा पडला' म्हणजे वारा आला की गेला?

मे महिन्यापासून हा शब्द डोक्यात अडकून बसलाय म्हणून विचारतेय. जरा लांबण लागेल, पण संदर्भाशिवाय नीट सांगता येणार नाही.

माझी भाची स्कॉटलंडमध्ये नोकरी करते. तिनं यंदा स्कॉटिश आयलंड्स पीक्स रेस केली. ही शर्यत १९८३ पासूनची आहे, एका बोटीवर साधारण पाच माणसं, तिघं बोट चालवणारी आणि दोघं पळणारी. ओबान गावात आधी एक छोटी धाव, मग शिडाच्या बोटीनं मल नावाच्या बेटावर जायचं, तिथं पळणाऱ्यांनी उतरून बेन मोर (९६६ मीटर) चढून-उतरून यायचं, परत बोटीत, मग जुरा बेटावरचे तीन डोंगर, मग बोटीनं किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून अॅरन बेटावरचा गोट फेल, आणि शेवटी ट्रून बंदर. समुद्रावर १६० मैल आणि पायी जवळपास ६०. मधल्या प्रवासात इंजिन चालत नाही. वारा नसेल तर वल्ही मारायची, त्याला परवानगी आहे. पळणारी पोरं बोटीवर मिळेल तेवढी झोप काढतात आणि पुढच्या बेटावर ओल्याच बुटांनी उतरतात.

आम्ही नागपुरात हे सगळं नकाशावरच्या ठिपक्यांवर पाहत होतो, प्रत्येक बोट म्हणजे एक ठिपका. तिथं शुक्रवारी दुपारी बाराला सुरू झालं तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजले होते, बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आई, मी आणि माझा मुलगा, तिघं कुलरसमोर फोन घेऊन बसलो. कुलरची खस नुकतीच बदललेली, त्या वासात मी समुद्र पाहत होते, ते आता डोक्यातून जातच नाही.

पहिला गोंधळ 'फेल'चा झाला. भाचीनं आईला फोनवर सांगितलेलं, आजी, मी फेल रनिंग करते. आईला वाटलं पोरगी नापास झाली, आणि तिनं दोन दिवस कोणालाच काही सांगितलं नाही, मनातच ठेवलं. मग मी सांगितलं की हा फेल म्हणजे डोंगर, जुन्या नॉर्स भाषेतून तिकडे गेलेला शब्द, आणि गोट फेलच्या नावातला फेलही तोच. वाट असो नसो, दगड-गवत-चिखलातून उघड्या डोंगरावर पळायचं. आई म्हणाली, मंग पहाड चढून राह्यली म्हण ना सरळ. मला 'पहाड'च बरोबर वाटतो. पुण्याकडे डोंगर म्हणतील, आपल्याकडे सेमिनरी हिल्सच्या टेकडीपलीकडे चढ माहीत नाही, पण 'पहाड' म्हटलं की दम लागतो. 'डोंगरधाव' असा शब्द कोणीतरी सुचवला होता, तो मला शाळेच्या क्रीडादिनाच्या फलकावरचा वाटतो, चूक असेन तर सांगा.

आता मूळ प्रश्न. शनिवारी रात्री, आपल्याकडे दीड वाजला असेल, तिथं नऊ म्हणजे अजून उजेड, बोट जुराहून निघून किंटायरच्या टोकाजवळ आली आणि ठिपका थांबला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग तो मागे जायला लागला. पाण्याची ओढ उलटी लागलेली आणि शिडात काहीच नाही. आई म्हणाली, मागं काहून चालली बाई ही? बोटीवरून एकच ओळीचा मेसेज आला, 'बीकाम्ड', म्हणजे वारा थांबल्यामुळे शिडाची बोट अडकून पडली. मी आईला पटकन म्हटलं, वारा पडलाय गं. तर आई खूश, म्हणे चला, वारा पडला तर निघतील आता.

तेव्हा मला कळलं की माझ्या आईला हा शब्द उलटा लागला. आणि तिची चूक म्हणवत नाही. बघा ना, पाऊस पडला म्हणजे पाऊस आला. थंडी पडली, ऊन पडलं, धुकं पडलं, अंधार पडला, दुष्काळ पडला, सगळीकडे ती गोष्ट आली असंच होतं. एकटा वाराच पडला की नाहीसा होतो. शिवाय घरी आम्ही 'हवा' म्हणतो, 'हवा सुटली', 'हवा बंद झाली, उमस होऊन राह्यली'. वारा शब्द आईच्या तोंडात फार येतच नाही.

मुलगा म्हणाला निर्वात म्हण. ते तर साफ चूक, निर्वात म्हणजे जिथे हवाच नाही अशी पोकळी, तिथं बोटीवरची माणसं श्वास कशी घेतील. 'निवात' बरोबर आहे, गीतेच्या सहाव्या अध्यायात निवात जागी न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे. पण रात्री दीड वाजता आईला 'बोट निवात झाली' असं कोण सांगणार? तर बीकाम्डला बोलीतला, न अडखळता समजणारा शब्द कोणता?

अजून एक, जाता जाता. आपण 'रेस फॉलो केली' म्हणतो. मागोवा घेणं कागदी वाटतं, मागावर असणं पोलिसांचं, आणि वाट पाहणं म्हणावं तर ती काही आमच्याकडे येत नव्हती. मी 'डोळे लावून बसलो होतो' असं म्हणते.

प्रतिसाद:
ताई, मी माहेरची मालवणची, लग्नानंतर वीस वर्षं नागपुरात. आमच्याकडे 'वारो पडलो' हेच म्हणतात आणि त्यात कोणालाही शंका येत नाही. तुमच्या यादीत एक क्रियापद राहिलं, 'सुटणं'. पाऊस सुटत नाही, वारा सुटतो. जो सुटतो तो धावतो आणि धावणारा पडला की थांबला. मला लहानपणापासून ते असंच दिसतं, वारा हा माणूस असल्यासारखा. बोटीबद्दल बोलायचं तर 'शीड भरलं' आणि 'शीड पडलं' असंही म्हणतो, शिडाचा कपडा ढिला होऊन काठीला लोंबायला लागतो ना, ते डोळ्यासमोर येतं. भाचीचा ठिपका मागे गेला त्या दिवशी तिथी कोणती होती पाहिलंत का? अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा कमी. सासरी मी पहिल्यांदा 'भांगाची भरती' म्हटलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या केसांकडे पाहिलं होतं.

प्रतिसाद:
काकू, आम्ही भूगोलात उधाण आणि भांग दोन्ही पाठ केलेत, परीक्षेत लिहिलेत, पण ते पाणी खरंच कोणाला मागे ओढतं हे आत्ता कळलं. माझं मत, 'हवा बंद' ठेवा. नागपूरकराला लगेच कळेल, कारण नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) हवा बंद झाली की जीव कसा होतो हे त्याला सांगावं लागत नाही.

मूळ लेखिका:
मालवणच्या ताई, 'सुटणं'चं तुम्ही दाखवलंत तेव्हा खरंच एकदम उजेड पडला (हे बघा, पुन्हा पडला!). आईला वाचून दाखवलं, तिनं 'शीड पडलं' लगेच उचललं. 'हवा बंद' मला थोडं अपुरं वाटतं, हवा बंद खोलीतही असते, त्यात बोट दिसत नाही. तिथी पाहिली नव्हती, आता कालनिर्णय काढून बघते.

आणि पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. साडेतीन तास ते पाचही जण आळीपाळीनं वल्ही मारत होते, पळणारी दोघंसुद्धा, कारण नुसतं बसलं तर पाणी परत जुराकडे नेत होतं. भाचीच्या हाताला फोड आले आणि त्याच हातांनी तिनं पहाटे गोट फेलवर दगड धरले, ८७४ मीटर. आपल्याकडे पाचच्या सुमारास ठिपका टोकाला वळून पूर्वेला लागला. आई उठून बसली आणि म्हणाली, हवा सुटली पाय (पाहा).

एक विचारायचंच आहे. भंडारा-गोंदियाकडे तलावात डोंगा चालवणारी ढीवर मंडळी वाऱ्याला, पाण्याच्या ओढीला काय म्हणतात? नवेगावबांधकडचं कोणी असेल तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, मला तो शब्द हवाय.