अनुभव धागा: सूर लागायच्या आधीच टाळ्या

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री आमच्या गावात नाटकाआधी तासभर गाणी होतात. यंदा पेटीवर चाळिशीतले एक गृहस्थ होते, पोलिओमुळे कुबड्यांवर चालणारे. दोघांनी काखेत हात घालून त्यांना स्टेजवर चढवलं आणि पब्लिकनं टाळ्यांचा कडकडाट केला. भाता अजून उघडलाही नव्हता! पुढे त्यांनी अशी काही जागा घेतली की अंगावर काटा आला, तर तेव्हा सगळे गपगार. तुमच्या गावात काय होतं? कलाकारांनी लिहा, प्रेक्षकांनीही लिहा. स्वतःची चूक असेल तर तीही.

वडसा
मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं करतो, एक पाय आखूड आहे. बहुतेक वेळा वाट्याला खलनायकच येतो. लोक मनापासून शिव्या घालतात, आपल्यालाही मजा येते. आमच्याकडे काम आवडलं की बक्षीस येतं आणि माईकवर पुकारा होतो, 'सावकाराच्या भूमिकेवर खूश होऊन अमक्यातर्फे ५१ रुपये'. एकदा दोन अंकांच्या मधे चहाच्या टपरीवर गेलो. लोकांनी पाहिलं, हा तर इथंही लंगडतोय. पुढच्या अंकात एक शिवी नाही. पुकारा झाला, 'अपंग कलाकाराला मदत म्हणून १०१'. बक्षिसाची मदत झाली की काय होतं ते त्या रात्री कळलं. घरी चिडचिड केली तर बायको म्हणते, "पैसे तं पैसेच ना जी!" तिचंही खरंच आहे म्हणा.

चांदूर बाजार
माझा भाऊ दृष्टिहीन आहे, भजनं गातो. आमच्या भागात दृष्टिहीन संत गुलाबराव महाराजांना मोठ्या आदरानं प्रज्ञाचक्षू म्हणतात. तीच माणसं माझ्या भावाला 'ओ सूरदास' अशी हाक मारतात, नाव माहीत असूनही. कार्यक्रम झाल्यावर बायाबापड्या मला विचारतात, "जेवते का त्याच्या हातानं?" तो शेजारीच उभा असतो. ऐकू येतं ना त्याला!

दर्यापूर
एका ढोलकीवाल्याचा हात वाकडा होता, त्याला मी हसलो होतो. आठवीत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या ढोलकीवाल्याची नक्कलही केली, हात वाकडा करून. बस.

वरोरा
आनंदवनच्या 'स्वरानंदवन'चा, म्हणजे तिथल्या अपंग आणि कुष्ठमुक्त कलाकारांच्या वाद्यवृंदाचा, कार्यक्रम पाहिला तेव्हा आधी नजर हातापायांवरच जात होती, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला पाय आपोआप ठेका धरायला लागला. पण संपल्यावर माझ्या बाजूचा माणूस भेटायला पुढं गेला नाही, कुष्ठरोगाच्या भीतीनं. औषधोपचारानं बऱ्या झालेल्या माणसापासून तो पसरत नाही हे त्याला सांगितलं. "हाओ, ठाऊक हाये मले," म्हणाला आणि चप्पल शोधायला लागला.

यवतमाळ जिल्हा
मी आयोजकांच्या बाजूचा. आमच्या भजनी मंडळात एकाचा डावा हात मनगटापासून नाही. खंजिरी दंडाला पट्ट्यानं बांधून वाजवतो, आणि लय पक्की. मी दरवर्षी माईकवरून त्याच्या हाताचं आधी सांगतो. झोळीत जास्त पडतं, हे उघड आहे. मागच्या खेपेला तो म्हणाला, "भाऊ, या वर्षी हाताचं नंतर सांगजा, आधी वाजवू द्या." मी हो म्हटलं. ऐन वेळी सांगूनच टाकलं. मंडपवाल्याचे पैसे द्यायचे होते.