मदत हवी आहे: सेवा आपोआप बदलणारा एजंट दादरची पार्सलं नॉर्वेला पाठवतोय

मंडळी, इथे बॅकएंडवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

आमचं अंधेरीत औषधं घरपोच पोचवायचं छोटं काम आहे. पत्त्यावरून नकाशावरचा बिंदू काढायला बाहेरच्या दोन सेवा घेतल्या आहेत. कुठली कधी वापरायची ते एक एजंट, म्हणजे आपणहून निर्णय घेणारा प्रोग्रॅम, ठरवतो. उत्तरं उशिरा यायला लागली, एरर वाढल्या, की तो कॅटलॉगमधून (सेवांच्या यादीतून) तशीच दुसरी सेवा शोधतो, कॉन्फिग (सेटिंग्ज) स्वतः लिहितो आणि चालू करतो. मध्ये माणूस नाही. एरवी झकास चालतं. पण पाऊस लागला, अंधेरी सबवेत पाणी भरलं, की ऑर्डरी धो धो येतात, पहिली सेवा मान टाकते आणि एजंट दुसरीवर जातो.

परवा तसा गेला आणि दादरच्या एका ऑर्डरला एकही रायडर 'जवळ' सापडेना. अंतर आलं साडेसहा हजार किलोमीटरच्या वर! पहिली सेवा आधी अक्षांश देते, दुसरी आधी रेखांश. दादर साधारण १९.०२, ७२.८४. उलटं वाचलंत तर तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. ओपनएपीआयच्या (सेवा काय घेते, काय देते ते लिहायची प्रमाण पद्धत) वर्णनात दोन्हीकडे 'दोन आकड्यांचा ॲरे', म्हणजे यादी, एवढंच, त्यामुळे एजंटच्या लेखी दोघी जुळ्या बहिणी.

शिवाय भार कमी झाला की पहिली सेवा सुधारते, हा परत तिच्याकडे, ती पुन्हा झोपते. संध्याकाळभर हेच. साहेबांना ऑटोमॅटिकच हवंय. काय करता येईल?

प्रतिसाद १
दुसरी सेवा चुकीची नाही हो. नकाशाची माहिती लिहायच्या जिओजेसन पद्धतीचं २०१६चं प्रमाण आहे, आरएफसी ७९४६, त्यात रेखांशच आधी आहे. आणि 'अक्षांश ९०च्या आत हवा' ही तपासणी मुंबईत कुचकामी, कारण ७२.८४ हासुद्धा वैध अक्षांश. टोकियोत असता तर १३९ला लगेच पकडला असता. कॅटलॉगमध्ये प्रत्येक सेवेपुढे क्रम आणि एकक लिहा, त्यावरून एजंटला ॲडॉप्टर (क्रम-एकक जुळवून देणारा छोटा कोड) जोडू द्या. सेवांच्या वर्णनात अर्थ भरण्यासाठी ओडब्ल्यूएल-एस नावाची भाषा २००४मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीकडे सादर झाली होती, पण तुमच्या कामाला ती फार जड. दोन रकाने पुरे.

प्रतिसाद २
रकाने माणूसच भरणार, म्हणजे तिथेही गडबड व्हायचीच. उत्तर माहीत असलेले प्रश्न ठेवा: दादर स्टेशन, ठाणे स्टेशन. नव्या सेवेचं उत्तर खऱ्या जागेच्या किलोमीटरभरात आलं तरच कॉन्फिग बदलायचं.
एजंटच्या या सेवेवरून त्या सेवेवर उड्या थांबवायला जायची आणि परतायची मर्यादा वेगळी करा. उशीर २ सेकंदांवर गेला की सोडायची, पण अर्ध्या सेकंदाखाली बराच वेळ टिकली तरच परत. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचा ऑटोस्केलरही (भारानुसार प्रती कमी-जास्त करणारा भाग) पॉड, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालू प्रती, कमी करण्याआधी डीफॉल्टने ३०० सेकंद मागचं बघतो, ते याचसाठी. आणि परतताना सगळा भार एकदम टाकू नका, आधी दहातली एक विनंती पाठवा.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांना. दर कॉलला पैसे पडतात, मग ही चाचणी किती वेळा चालवायची?

प्रतिसाद २
कॅटलॉगमध्ये घेताना एकदा, रोज रात्री एकदा आणि प्रत्येक बदलाआधी एकदा. उड्या थांबल्या की तिसरा खर्च नावापुरताच उरेल.